‘सवंग’ म्हणजे काय?

‘महाग’ आणि ‘सवंग’ हे सख्खे भाऊ. थोरला ‘महार्घ’ या संस्कृत शब्दापासून झाला, धाकटा ‘समर्घ’ यापासून. दोहोंत ‘अर्घ’ म्हणजे मोल. गुजरातींत ‘मोंघुं’ आणि ‘सोंघुं’ अजून एकाच दुकानांत शेजारीं बसतात. मराठींत मात्र थोरला बाजारांत राहिला आणि धाकटा वाङ्मयाच्या न्यायासनापुढें आरोपी होऊन उभा राहिला. पाटणच्या बाजारांत कांदे ‘स्वस्त’ होतात. ‘सवंग’ होते ती लोकप्रियता, अभिरुचि, फार तर विनोद.

या स्थलांतरांत एक अन्याय दडला आहे, असें आम्हांस वाटतें. शब्दानें धंदा बदलला, तरी पैशाचा वास त्यास अजून येतो. जत्रेंतून काचेचे मणी आणि भडक रंगाची तसबीर घेऊन जाणाऱ्या बाईची आवड ‘सवंग’ ठरविणारा सुशिक्षित बहुधा तिची आवड पाहतच नाहीं, तिची पिशवी पाहतो. राजा रविवर्म्यानें १८९४ साली मुंबईंत छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील स्वस्त चित्रांनीं लक्ष्मी-सरस्वती गरिबांच्या भिंतींवर आल्या. त्यांतील नाटकीपणावर टीका करावयाची तर खुशाल करावी. पण किंमत थोडी होती, हा कांहीं त्यांचा दोष नव्हे.

म्हणून हा शब्दच टाकून द्यावा काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. मोल पैशाचेंच असतें असें नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानें या तालुक्यांतील घरें पाडलीं, माणसें नेलीं. ज्यांनीं तें भोगलें त्यांच्या तोंडून फार तर दोन वाक्यें निघतात. ज्यानें भोगलें नाहीं, आणि समजून घेण्याचे श्रमही केले नाहींत, असा वक्ता त्याच पहाटेवर अर्धा तास सभा रडवितो. असलें गुळचट बोलणें ओठांस तेवढें चिकटतें. (उसाच्या या मुलखांत गुळाची निंदा करवत नाहीं, पण गुळचटाची करावीच लागते.) हें आमच्या मतें सवंग : मोल न देतां उचललेली भावना. मग लक्ष रुपयांचा लग्नमांडवही सवंग असूं शकतो, आणि चार आण्यांचें भिरभिरें मुळींच नसतें.

वर्गांत कोणी निबंधांत ‘सवंग’ लिहिलें कीं आम्ही विचारतों, “मोल कोणीं चुकविलें?” उत्तर क्वचितच येतें. बहुतेक विद्यार्थी मग तो शब्द खोडून ‘मला आवडलें नाहीं’ असें लिहितात.