तैवानला निघालेल्या पुतणीस

चि. बाळ,


तैवानच्या नागरी संरक्षणाच्या गरजा तपासायला वॉशिंग्टनहून जाणाऱ्या गटात तू आहेस, हे वाचून आनंद झाला. माझी सगळी नोकरी नागरी संरक्षणात गेली, म्हणून थोडं हक्काने सांगतो.

आपल्या गोदामात काय पडलंय ते पाहून दुसऱ्याची गरज ठरवू नये. अमेरिकेचे तैवानशी १९७९पासून राजनैतिक संबंध नाहीत. त्याच वर्षीच्या तैवान संबंध कायद्याखाली तिथे जातात ती मुख्यतः शस्त्रं. त्यामुळे तुमच्या लोकांच्या हाताला शस्त्रं मोजायचीच सवय. तुझ्या कामात मोजायची आहेत ती माणसं.

तैवान सुमारे ९७ टक्के ऊर्जा बाहेरून आणतो. चाळीस टक्क्यांहून अधिक वीज नैसर्गिक वायूवर, आणि वायूचा साठा साधारण ११ दिवसांचा. मे २०२५मध्ये शेवटची अणुभट्टीही बंद झाली. हे आकडे कुणाच्याही अहवालात येतील. त्यापुढचा प्रश्न तू विचार: वीज गेली की पहिल्यांदा कोणाचा जीव टांगणीला लागतो?

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचं तैवानमधलं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. अशा रुग्णाला आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडावं लागतं, आणि दर खेपेला शंभर लिटरहून जास्त शुद्ध केलेलं पाणी लागतं. काही दिवसांचा खंडही त्याला झेपत नाही. एखाद्या केंद्रात अर्धा दिवस बस. टाकीत पाणी किती, जनरेटरचं डिझेल कोण आणून देतं, तोच टँकरवाला आणखी किती रुग्णालयांना बांधलेला आहे, पूल पडला तर परिचारिका कामावर कशी पोहोचेल, हे तिथल्याच माणसांना विचार. डिझेलवाला एकच निघाला, तर कागदावर दहा ठिकाणी दिसणारा साठा खरा एकाच ठिकाणचा असतो. आमच्या खात्यात ही चूक फार उशिरा ध्यानात यायची.

जमलं तर मात्सू बेटांवर जाऊन ये. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथल्या समुद्राखालच्या दोन्ही केबल आठवड्याच्या आत तुटल्या, आणि मार्चअखेरपर्यंत लोकांना मायक्रोवेव्हच्या तुटपुंज्या जोडणीवर भागवावं लागलं. असा अनुभव घेतलेली माणसं हयात आहेत, बोलती आहेत. बँकेचं काय केलंत, पर्यटकांची बुकिंग कशी घेतलीत, घरच्यांना निरोप कसा धाडलात, हे त्यांच्याकडून ऐकून घे. तैपेईतल्या दहा बैठकांत मिळणार नाही ते तिथे मिळेल.

शिकवायला निघालोय या भावनेने मात्र जाऊ नकोस. २१ सप्टेंबर १९९९च्या भूकंपात तिथे दोन हजार चारशेहून अधिक माणसं गेली, आणि तो देश त्यातून शिकला. एप्रिल २०२४मध्ये ह्वालिएन हादरलं तेव्हा काही तासांत निवाऱ्यांत तंबू उभे राहिले होते. त्झू ची या बौद्ध संस्थेचे स्वयंसेवक कामाला लागले होते. कुमा अकादमी साध्या नागरिकांना रक्तस्राव थांबवायला आणि खोट्या बातम्या ओळखायला शिकवते. वस्तीवस्तीत निवडून आलेला लीचांग असतो. कोणती आजी एकटी राहते हे त्याला ठाऊक असण्याचा संभव मंत्रालयापेक्षा कितीतरी जास्त. त्याला आधी भेट, मग मंत्रालयात जा.

त्या आजीजवळ बहुधा कोण असतं, तेही बघ. तैवानमध्ये आठ लाखांहून अधिक परदेशी कामगार आहेत: इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, थायलंडचे. त्यातल्या दोन लाखांहून अधिक जणांकडे घरातल्या वृद्धांची आणि आजाऱ्यांची देखभाल आहे. भोंगा वाजला की म्हातारीची खुर्ची ढकलत तळघरात न्यायची ती एखाद्या इंडोनेशियन मुलीने. आश्रयस्थान कुठे आहे ते तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलंय का? सरावाच्या दिवशी तिला मोजतात का? माझ्या मते तुमच्या अहवालाचं एक अख्खं प्रकरण या बायकांवर असायला हवं, आणि गटात कुणी कुरकुर केली तरी तू ते सोडू नकोस.

लिहिताना प्रत्येक गरजेपुढे ती कोणी सांगितली याची नोंद ठेव: रुग्णाने, लीचांगने, अधिकाऱ्याने की तुमच्याच कुणी. ज्या गरजेपुढे फक्त तुमचंच नाव असेल, ती पुन्हा जाऊन विचारून ये. आणि कच्चा मसुदा वॉशिंग्टनला धाडण्याआधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना त्यांच्या भाषेत वाचायला दे; त्यासाठी चार दिवस आत्ताच वेळापत्रकात मागून घे, नंतर कुणी देणार नाही.

पोहोचलीस की कळव.

तुझा,
काका