प्र. न.

धुळ्याच्या देवपुरात राहणारी भाची कापसाच्या जिनिंगसाठी सॉफ्टवेअर लिहीत होती. जळगावहून आलेला एक्सएमएल स्कीमा तिच्या प्रोग्रामने 'रिकामा' म्हणून परत केला. फाइल उघडून पाहिली, तर सगळं जागच्या जागी. फक्त तिच्या फायलींत प्रत्येक नावाआधी 'एक्सएस' असे, इथे 'एक्सएसडी' होतं. जळगावकरांची चूक कळवायला तिने पत्र लिहायला घेतलं.

जळगाव तालुक्यात टपाल वाटून निवृत्त झालेले मामा मुक्कामी होते. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं.

"शिरसोली गावं किती?"

"दोन. प्र. न. आणि प्र. बो."

"प्र. न. म्हणजे?"

लहानपणापासून पाटीवर वाचलेली ती अक्षरं. अर्थ तिने कधी विचारलाच नव्हता.

"प्रगणे नशिराबाद. दुसऱ्या शिरसोलीचा प्रगणा वेगळा. नुसतं शिरसोली लिहिलं की पत्र अडायचं. पण कुणी 'प्र. न.' लिही, कुणी अख्खं 'प्रगणे नशिराबाद'. दोन्ही पत्रं मी एकाच गावात दिली, बेटा. आणि 'न'चा अर्थ कुणी नंदुरबार धरला असता, तर?"

भाचीने पुन्हा फाइल उघडली. पहिल्याच ओळींत 'एक्सएसडी'पुढे डब्ल्यूथ्रीसीचा २००१ सालचा लांबलचक पत्ता होता. तिच्या फायलीत 'एक्सएस'पुढेही तोच, अक्षर न् अक्षर. तो पत्ता उघडून वाचायचा नसतो. दुसऱ्या कुणाच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून घेतलेलं ते पूर्ण नाव असतं. प्रगणा तो. 'एक्सएस' हे त्या फायलीपुरतं लघुरूप, आणि तिचा प्रोग्राम नेमकं तेवढंच शोधत होता.

लिहायला घेतलेलं पत्र तिने पुसून टाकलं. नावं आता पूर्ण पत्त्यावरून ओळखली जाऊ लागली, तरी एक अडचण उरली. प्रकार सांगणारं 'एक्सएसडी:स्ट्रिंग' अवतरणचिन्हांच्या आत होतं. तिची वाचनप्रणाली तिथलं लघुरूप आपणहून उलगडत नव्हती. तेही तिने वरच्या घोषणेशी ताडून घेतलं. रात्रीचे अकरा वाजले.

मग तिने मुद्दाम एक फाइल बनवली. लघुरूप ठेवलं देवनागरीत, 'शिर'. एक्सएमएलला ते चालतं. पत्ता तोच. फाइल बिनतक्रार वाचली गेली. दुसऱ्या फायलीत 'एक्सएस' तसंच ठेवलं आणि पुढचा पत्ता बदलला. प्रोग्रामने ती नाकारली.

"मामा," तिने हाक मारली, "दुसऱ्या शिरसोलीचा प्रगणा कुठला?"