नाताळची सहल आणि वाढतीं मुलें

शास्त्रपाठ : लूक २:४१–५२



नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या मंडळींत एक प्रश्न दरवर्षीं कोणीतरी विचारतेंच. विचारणारी बहुधा आई असते. ती म्हणते, "पाळकसाहेब, धाकटीं दोघें आठ दिवसांपासून सहलीच्या गोष्टी करीत आहेत, पण थोरल्याला विचारलें तर तो नुसतें 'बघूं' म्हणतो. त्याला आतां यांत गोडी उरली नाहीं काय?" प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या पोटांत दुसरा प्रश्न असतो, आणि तो ती माउली तोंडानें बोलत नाहीं : माझें मूल माझ्या हातून सुटत चाललें काय?

वर दिलेला शास्त्रभाग आपण नाताळांत सहसा वाचीत नाहीं. गव्हाण, मेंढपाळ आणि देवदूत येथपर्यंत वाचून आपण पुस्तक मिटतों. पण त्याच अध्यायाच्या शेवटीं, गव्हाणींतलें बाळ बारा वर्षांचें झालें तेव्हांची हकीकत आहे, आणि ती एका कुटुंबाच्या सणाच्या प्रवासाची हकीकत आहे. योसेफ व मरीया वल्हांडणासाठीं दरवर्षीं यरुशलेमास जात. नासरेथाहून तेथवर शंभर किलोमीटरांहून अधिक वाट. डोंगर, उतार, धूळ. कित्येक दिवस लागत. गांवचे लोक, नातेवाईक, ओळखीचे, सर्व मिळून जात, आणि स्तोत्रें गात जात. स्तोत्रसंहितेंतील १२० पासून १३४ पर्यंतचीं स्तोत्रें अशा वाटेवर गाइलीं जात असा समज फार जुना आहे. आपल्या देशांत आषाढी वारीला दिंड्या निघतात त्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हें चित्र निराळें समजावून सांगावयास नको.

आतां पाहा, त्या यात्रेंत काय घडलें. परत येतांना मुलगा बरोबर असेलच असें समजून आईबाप एक दिवसाची मजल चालून गेले. मग ते त्याला नातेवाइकांत व ओळखीच्या लोकांत शोधूं लागले. तेथेंच कां शोधूं लागले? माझ्या अल्पमतीप्रमाणें, मागल्या वर्षीं तो तेथेंच सांपडला होता म्हणून. आठ वर्षांचा होता तेव्हां भावंडांच्या घोळक्यांत, कोणाच्या तरी गाढवाच्या मागें धांवतांना तो दिसला असेल. शास्त्र हें सांगत नाहीं, मी अनुमान करतों. पण सण तोच, वाट तीच, नगर तेंच असूनहि त्या वर्षीं तो त्या घोळक्यांत नव्हता. मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून तो ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. आईबापांना हें उमगावयास तीन दिवस लागले.

आपली चूक येथेंच होते. सात वर्षांच्या मुलाला आपण जेथें सोडलें, तेथेंच चौदा वर्षांच्या मुलाला शोधीत बसतों. आणि तो तेथें दिसला नाहीं कीं म्हणतों, याला सणाची गोडी राहिली नाहीं.

मी ही चूक स्वतः केली आहे, ती सांगतों.

आमच्या घरचा रिवाज असा कीं, नाताळची उपासना झाली, करंज्या व लाडू शेजारींपाजारीं पोंचले, म्हणजे २६ डिसेंबरला आंजर्ल्यास जावयाचें, एक रात्र ओळखीच्या घरीं राहावयाचें व दुसऱ्या दिवशीं परतावयाचें. कांहीं वर्षांपूर्वीं, थोरला पंधरा वर्षांचा असतांना, आम्ही असेच निघालों. बरोबर धाकट्या दोन मुली. दापोलीहून निघालेली एस. टी. हर्णैवरून पुढें गेली, सुवर्णदुर्ग दिसला. स्कॉटिश मिशनरी १८२३ सालीं बाणकोटास उतरले आणि मग या हर्णैच्या बाजूसहि त्यांनीं काम केलें, हें मीं मुलांना सांगितलें. तें त्यांनीं पूर्वीं ऐकलें होतें. गाडी खाडीच्या पुलावर आली. माझ्या लहानपणीं येथें पूल नव्हता. जोग नदीच्या मुखाशीं होडींत बसून पलीकडे जावें लागे, आणि माझ्या बालमनाला सगळ्या नाताळाचें नवल त्या होडींत सांठवलेलें वाटे. वल्ह्याचा आवाज, हातांतला कंदील, पलीकडच्या तीरावरची माडांची काळी रांग. तें मी सांगूं लागलों. थोरला खिडकींतून बाहेर पाहत म्हणाला, "बाबा, आतां पूल आहे."

यांत वाईट कांहींच नव्हतें. पूल होताच. पण माझ्या जिव्हारीं लागलें, आणि गाडींतल्या पांच अनोळखी माणसांसमोर मी त्याला म्हणालों, "तुला घरीं ठेवलें असतें तर बरें झालें असतें." बंधूंनो, मी व्यासपीठावरून क्षमेवर पुष्कळ बोललों आहें. त्या दिवशीं दिवसभर मी त्या मुलाशीं बोललों नाहीं, व तोहि बोलला नाहीं. दुपारीं तो धड जेवला नाहीं. संध्याकाळीं वाळूवर मुलींचे किल्ले चालले होते. सूर्य बुडाला, आणि पाहतों तों थोरला कोठेंच नाहीं.

भरती लागली होती. मी किनाऱ्याच्या एका टोंकाकडे गेलों, मुलींची आई दुसऱ्या टोंकाकडे गेली. हांका मारून माझा घसा बसला. त्या अर्ध्या तासांत मरीयेचे तीन दिवस मला जितके समजले तितके पंचवीस वर्षांच्या वाचनानें समजले नव्हते. शेवटीं सुरूच्या झाडांच्या कडेला, जाळीचें कुंपण घातलेल्या एका जागीं तो सांपडला. समुद्रकांसवांचीं अंडीं जेथें जपून ठेवतात ती ती जागा. गांवचा एक कांसवमित्र तेथें होता. मुलगा वाळूंत मांडी घालून बसला होता, ऐकत होता, आणि प्रश्न विचारीत होता.

माझ्या ओठांवर शब्द आले होते. त्याच्या आईनें मागून येऊन माझा हात धरला, आणि त्याला एवढेंच विचारलें, "जेवायचं नाही का रे?"

रात्रीं तो आपण होऊन बोलूं लागला. कांसवाची मादी नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत केव्हांहि, रात्रीं, भरतीच्या रेषेवर चढून येते. मागल्या पायांनीं खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटून तशीच पाण्यांत परत जाते. मागें वळून पाहत नाहीं. पूर्वीं हीं अंडीं माणसें, कोल्हीं व कुत्रीं खात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं बाणकोटाजवळच्या वेळास गांवीं राखणीचें काम सुरू केलें, तें मग आंजर्ल्यासहि आलें. वाळू जास्त ऊन असली तर माद्या जास्त निपजतात, हेंहि त्यानें सांगितलें. मी निमूटपणें ऐकत होतों. मला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, आणि तीस वर्षें मी त्या वाळूवर सहलीस जात होतों!

पहांटे पांचाला त्यानें दोघी बहिणींना उठविलें. धाकटीला खांद्यावर घेतलें. त्या दिवशीं कांसव दिसलें नाहीं. दिसली ती वाळूवरची तिची वाट, समुद्राकडून वर आलेली आणि वळून समुद्राकडे गेलेली. कांसवमित्रानें हातानें वाळू उकरून अंडीं काढलीं, थोरला मोठ्यानें मोजीत होता, मुली त्याच्यामागून म्हणत होत्या. मग धाकटीनें विचारलें, "यांची आई कुठे गेली?"

"समुद्रात."

"परत येईल?"

तो थांबला. खरें उत्तर त्याला आदल्या रात्रींच कळलें होतें. तो म्हणाला, "येत नाही. पण ती लांबून बघत असते. तिच्या बघण्यानंच पिल्लं मोठी होतात."

हें त्यानें आपल्या आजीकडून ऐकलें असावें. कांसवी एका तीरावर, पिलें दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसत्या दृष्टीनें त्यांचें पोषण करते, हा दाखला आपल्या मराठी संतांना फार आवडता आहे. प्राणिशास्त्राप्रमाणें तें खरें नव्हे. असत्याविरुद्ध उपदेश करणारा मी तेथें उभा होतों आणि मीं तोंड उघडलें नाहीं. कालपर्यंत ज्याला नवल दाखवावयाचें होतें, तो आज दुसऱ्यासाठीं नवल राखीत होता. नाताळबाबाचीहि हीच कथा. चौथ्या शतकांत आशिया मायनरांतील मायरा नगराचा अध्यक्ष निकोलस होऊन गेला. त्याच्या नांवाभोंवतीं जमलेल्या आख्यायिकांपासून हा खाऊ वांटणारा म्हातारा निघाला. मुलाला तें कळलें म्हणजे आपल्याला वाईट वाटतें. पण ज्या घरांत थोरला मुलगा तोंडाला कापूस लावून धाकट्यांसमोर उभा राहतो, तेथें सणाचा आनंद ओसरला असें कोण म्हणेल? बेथलेहेमचें नवल तर या म्हाताऱ्यावर मुळींच अवलंबून नाहीं.

आणि त्या कांसवीच्या दृष्टीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. आंजर्ल्याची खरी कांसवी पिलांना पाहत नाहीं. संतांची कांसवी दुरूनच पाहते, उचलून घेत नाहीं. लूक म्हणतो कीं, मुलाचें बोलणें आईबापांना समजलें नाहीं. शास्त्र किती प्रामाणिक आहे! मरीयेला समजलें नाहीं, तरी तिनें त्या सर्व गोष्टी अंतःकरणांत ठेवल्या. आणि मुलगा? तो त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. मंदिरांत मागें राहणारा आणि आईबापांबरोबर घरीं जाणारा मुलगा एकच आहे. आपण मात्र मुलांपुढें यांतलें एकच निवड, असा हट्ट धरतों.

उपदेशक बंधूंना येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. थोरल्या मुलीला सहलीचा आनंद होत नाहीं अशी तक्रार माझ्याकडे आली, म्हणजे मी आधीं विचारतों कीं, सहलीभर ती कोठें होती. पुष्कळदां उत्तर येतें : चुलीपाशीं. भावंडें पाण्यांत, आणि ती तांदूळ निवडीत. तिला आनंद कशाचा व्हावा? आणखी असें कीं, ज्या घरचा मुलगा चौदाव्या वर्षींच मासळीच्या होडीवर किंवा आंब्याच्या बागेंत मजुरीस जातो, त्याला सहलीचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्याच्या घरीं जाऊन गोडीच्या गोष्टी करूं नका. तो मोकळा असेल त्या संध्याकाळीं मंडळीनें नदीकांठीं जमावें, भजन करावें, कांदापोहे खावे. त्यालाहि सहलच म्हणावें. मुलाला एखाद्या वर्षीं मित्र बरोबर आणूं द्या, मग तो कोणत्याहि धर्माचा असो. आणि मुलाचें वय नुसत्या डोळ्यांनीं ठरवूं नका. हर्णैजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पायीं तुडवीत गेले, आणि तेथें वय लहान दिसतें म्हणून त्यांना परत पाठविलें. सतरा वर्षांचा तरुण समोर उभा होता, पण पाहणाऱ्यांना पोर दिसलें.

शेजारच्या घरांकडेहि पाहा. गणपतींना व शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गाड्यांना लोंबकळत कोंकणांत येतात. पंधराव्या वर्षीं त्यांच्यांतल्या कितीकांनीं तोंड वांकडें केलें असेल! त्या वर्षीं घरच्यांनीं दार लावून घेतलें असतें तर आज ते कोणत्या दारीं येते?

सर्वच परत येतात असें मी म्हणत नाहीं. आमच्या मंडळींत एक आई आहे, तिचा मुलगा नऊ नाताळ घरीं आला नाहीं. ती उपासनेला येते, मागल्या बांकावर बसते. तिला मीं हा शास्त्रभाग वाचून दाखविला तेव्हां ती म्हणाली, "तिला तीन दिवसांत सापडला." मजजवळ उत्तर नव्हतें. आम्ही दोघांनीं प्रार्थना केली. अजूनहि करतों.

त्या डिसेंबरांत पुरलेलीं अंडीं सुमारें पन्नास दिवसांनीं, फेब्रुवारींत फुटणार होतीं. थोरल्याची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली; तरी त्यानें एका रविवारीं उपासनेनंतर एकटें आंजर्ल्यास जाण्याची परवानगी मागितली. मी नाहीं म्हणणार होतों. त्याची आई माझ्याकडे पाहत होती. तो गेला आणि शेवटच्या गाडीनें परत आला, खिशांत वाळू घेऊन.

पुढल्या नाताळांत तो म्हणाला, "मी यंदा येत नाही, गीतं गाणाऱ्या मंडळींबरोबर वाड्यावाड्यांवर जाणार आहे." त्यानें हें आधीं मला सांगितलें, आणि मान वर करून सांगितलें. आम्ही चौघेंच निघालों. त्याच्या आईनें त्याच्यासाठीं करंज्यांचा डबा वेगळा काढून फडताळांत ठेवला. एस. टी. हर्णै सोडून खाडीवर आली. मी यंदा कांहीं बोलावयाचें नाहीं असें ठरविलें होतें, म्हणून गप्प बसलों. तेव्हां धाकटी खिडकीशीं सरकली, आणि पुलाखालच्या पाण्याकडे बोट करून आपल्या बहिणीला सांगूं लागली, "इथे पूर्वी होडी होती. रात्री कंदील घेऊन जायचे."