ओढलेला दोर मागे जाऊ नये
(शास्त्रपाठ : यिर्मया ३८:६-१३, गलती ६:१)



यिर्मया संदेष्टा टाक्यातील चिखलात रुतला, तेव्हा राजाने एबद-मलेखाला तीस माणसे दिली. एका मनुष्यासाठी तीस! ओढणाऱ्यांचे हात भरून येतात, हे राजाला ठाऊक असावे.

आल्प्स पर्वतावर बर्फाच्या नद्यांना खोल भेगा असतात. तीत कोणी पडला तर वर दोनतीनच सोबती; तीस कोठून आणावे? ते दोर कप्प्यांतून फिरवितात. ओझे हलके होते खरे, पण तीन हात दोर ओढावा तेव्हा मनुष्य एक हात वर येतो, आणि कप्पी वारंवार पुढे सरकवावी लागते. तेवढा वेळ भार कोणी धरावा? त्यासाठी गार्डा नावाची गाठ आहे. कॅराबिनर म्हणतात त्या सारख्या दोन कड्या शेजारी शेजारी अडकवितात. दोर दोहोंतून नेऊन पुन्हा पहिलीतून असा घालितात की, तो दोहोंच्या मधून बाहेर पडतो. ओढिला म्हणजे सरकतो. सोडिला म्हणजे भाराने कड्या जवळ येऊन त्याला चिमटीत धरितात. ही गाठ स्वतः काही ओढीत नाही, उलट घर्षणाने थोडे कष्ट वाढवितेच. पण जितके वर आले तितके राखिते.

आपल्या मंडळ्यांत ओढणारे पुष्कळ आहेत. दारूत पडलेल्या बंधूसाठी उपासप्रार्थना होते, पंच त्याच्या घरी जातात, तो रडतो, रविवारी उपासनेस येतो, आणि आपण देवाचे उपकार मानून घरी जातो. पुढे बाजाराचा दिवस येतो. मजुरी हातात पडते, जुने सोबती वाटेत भेटतात, आणि त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत यावयास मंडळीतील एकही मनुष्य नसतो! मग त्याची बायको पुन्हा शेजारी जोंधळे उसने मागते.

ह्या गाठीत एक दोषही आहे. भार असता ती सहज सुटत नाही. वर येणारा बर्फाच्या काठाखाली अडकला आणि त्याला वीतभर खाली सोडावयाचे झाले, तर मोठी पंचाईत होते. म्हणून जाणते लोक सोडण्याची युक्ती आधीच करून ठेवितात. धाकाने धरून ठेवणाऱ्या पंचांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पडलेल्याला सौम्यतेने सावरावे, असे पौल लिहितो. एबद-मलेखाने दोराबरोबर चिंध्याही खाली सोडिल्या, काखेत दोर रुतू नये म्हणून. संदेष्टा चिखलात उपाशी मरणार ह्या भीतीने तो धावत होता, तरी भांडाराखालच्या खोलीत जाऊन त्या चिंध्या आणावयास त्याने वेळ काढिला.