वाचनात मागे, म्हणून बुद्धीत मागे?

इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाला पहिला मान आहे, आणि ते योग्यच होय. परंतु सात-आठ वर्षांचे मूल अक्षरांत अडखळू लागले की आपण चटकन म्हणतो, "आळशी आहे, लक्षच देत नाही." मग मावस-चुलत भावंडांशी तुलना सुरू होते. आम्हीही असे बोललो आहोत, हे कबूल केले पाहिजे. मूल मुकाट्याने ऐकते आणि आपण मठ्ठ आहोत असे मनाशी धरून बसते.

याच इंग्लंडात १८९६ साली सीफर्ड गावच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट व अचूक केला. पण स्वतःच्या नावातील अक्षरे तो मागेपुढे लिही, आणि चूक त्याच्या ध्यानातही येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात.

मग उणीव मुलात की आपल्या मोजमापात? कोकणातील आपल्या पूर्वजांपाशी कित्येक पिढ्या हिब्रू ग्रंथ नव्हते, असे परंपरा सांगते. शेमा त्यांनी मुखोद्गत राखला, शब्बाथ आचरणातून जपला. त्यांना आपण मठ्ठ म्हणू काय?

१९९० नंतर काही विचारवंत म्हणू लागले की माणसांचे मेंदू निरनिराळ्या घडणीचे असतात. प्रत्येक वेगळेपण रोग नव्हे. हे आम्हांला पटते. मात्र 'वेगळा आहे' म्हणून मुलाला तसेच सोडून देणे हीही हयगयच. औषधाच्या बाटलीवरील सूचना त्यालाही वाचावी लागणार. येथे १९७२ पासून ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आहे. २०१० च्या समानता कायद्याखाली डिस्लेक्सिया अपंगत्वात गणला जाऊ शकतो आणि परीक्षेत जादा वेळही मिळू शकतो. 'अपंगत्व' या शब्दाने काही आईबाप बिचकतात. पण तो शब्द मदतीचे दार उघडण्यापुरता आहे. मुलाची किंमत ठरविण्यासाठी नव्हे.

तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी पाहुण्यांदेखत अशा मुलाच्या हाती पुस्तक देऊन त्याची परीक्षा घेऊ नये. त्याला जे तोंडपाठ आहे ते म्हणू द्यावे. वाचनाचा सराव दुसऱ्या दिवशी, शेजारी बसून, न रागावता करावा.