एकास दहा

कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं तेव्हा अर्जुनाने नेमकं काय करायला हवं होतं, हा प्रश्न मी आजवर पुष्कळांना विचारून पाहिला आहे. कीर्तनकार कृष्णाच्या बाजूचे. अभिमन्यूला घेरलंत तेव्हा कुठे गेला होता तुमचा धर्म, असा त्यांचा सवाल, आणि तो टाळीसकट असतो. शाळेतले मराठीचे मास्तर कर्णाच्या बाजूचे. (मराठीचे मास्तर बहुधा कर्णाच्याच बाजूचे असतात. योग्यता असून वरची जागा न मिळालेला माणूस त्यांना घरचा वाटतो.) आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी मात्र, “युद्ध थांबवा ही विनंती लेखी होती का?” एवढंच विचारलं. पण अर्जुनाने खाली उतरावं, धावत जाऊन ते चाक स्वतः उपसून द्यावं आणि मग परत येऊन बाण लावावा, असं मला कोणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याला आधी पंख्याखाली बसवून पाणी दिलं असतं.

असं करणारी माणसं मी प्रत्यक्ष पाहिली. इंग्लंडमध्ये, एका शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहात, शुक्रवारच्या संध्याकाळी. रथ दीड-दीड किलोचे होते.

माझा भाचा तिकडे इंजिनियर आहे. वय बेचाळीस, कपाळ बरंच मागे हटलेलं, घरावर कर्ज. आणि छंद काय, तर रिमोटवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यती. माझी बहीण हे चारचौघांत सांगताना “त्याचं गाड्यांचंही काहीतरी आहे” असं सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, साइड बिझनेस म्हणून गॅरेज टाकलं असेल. ती त्याला तसं वाटू देते.

या मोटारींना खेळणं म्हणायचं नाही, हा पहिला धडा मला विमानतळावरून घरी जातानाच मिळाला. सामानाच्या डिकीत माझ्या बॅगेला जागा नव्हती, कारण तिथे आधीच एक अवजारांची पेटी, एक चार्जर आणि टायरांचे सतरा जोड होते. टायर माझ्या मुठीएवढे. “मामा, बॅग मांडीवर घेता का?” भाचा म्हणाला. घेतली.

या वेडाला मोठा इतिहास आहे आणि तो वेडाला शोभेसाच आहे. जपानमधल्या शिझुओका शहरात १९४६ साली तामिया नावाची लाकडाची वखार निघाली. वखारीचं झालं लाकडी मॉडेलं करणारं दुकान, पुढे प्लॅस्टिकची मॉडेलं आली. त्या घराण्यातले शुनसाकु तामिया यांना पोर्शे मोटारीचं बारापट लहान मॉडेल करायचं होतं. फोटो आणि नकाशे यांवर समाधान होईना, तेव्हा त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि खिळान् खिळा सुटी केली. आमच्या वाड्यात एका मुलाने असंच घड्याळ सुटं केलं होतं. त्याच्या पाठीवर त्याचे वळ दसऱ्यापर्यंत होते. शिझुओकात त्यातून १९७६ साली रिमोटवर पळणारी पोर्शे ९३४ बाजारात आली आणि जगभरच्या पोरांचं आणि मग पोरांच्या बापांचं भलंबुरं जे व्हायचं ते झालं.

भाच्याच्या मोटारी एकास दहा प्रमाणातल्या. म्हणजे सगळं दहापट लहान. लांबी हातभरही नाही. पण सरळ पट्ट्यात ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने सुटतात. “मामा, याला दहाने गुणा!” भाचा म्हणाला. मी गुणलं. पाचशे आलं. एवढ्या वेगाने त्याचा मुलगा शाळेत जायला तयार होत नाही, याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. (खर्चाला मात्र दहाने भागू नये, असं भाचेसून म्हणाली.)

गाडी चालवणारे सगळे एका मचाणावर ओळीने उभे राहतात आणि खाली गालिच्याच्या रस्त्यावर त्यांच्या गाड्या पळतात. पाहताना वाटतं, त्यात काय आहे? मलाही वाटलं, म्हणून त्याने रिमोट माझ्या हातात दिला. गाडी आपल्यापासून दूर जाते तोवर आपण शहाणे असतो. ती वळून आपल्याकडे यायला लागली की डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. आपण चाक डावीकडे फिरवतो, ती आपल्या उजवीकडे जाते. आयुष्यभर मतदान केलेल्या माणसाला हा अनुभव नवा नसतो, तरी गोंधळ व्हायचा तो होतोच. यावर उपाय एकच, असं भाचा सांगतो. मचाणावरून बघायचं नाही, आपण त्या गाडीतच बसलो आहोत असं समजायचं. शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची गोष्ट मी त्याला लहानपणी सांगितली होती. ती त्याच्या अशा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. गाड्या उलटतात. उड्या मारतात, कठड्याला लागतात आणि झुरळासारख्या उताण्या पडून चाकं फिरवत राहतात. चालक तर मचाणावर. खाली उतरून येईपर्यंत शर्यत संपलेली. म्हणून रस्त्याच्या कडेने ठरलेल्या जागी माणसं उभी असतात. त्यांना मार्शल म्हणतात. गाडी उलटली की धावत जायचं, येणाऱ्या गाड्या चुकवायच्या, उलटी गाडी सुलटी करून योग्य दिशेला तोंड करून ठेवायची आणि परत जागेवर यायचं. दुरुस्ती करायची नाही. आपल्या टापूवरची नजर काढायची नाही. एखादी गाडी घोट्यावर आपटली तर तेवढ्यापुरतं ‘आई गं’ म्हणायची मुभा आहे.

पण हे मार्शल असतात कोण? नोकर नव्हेत, स्वयंसेवक नव्हेत. आधीच्या पाच मिनिटांच्या शर्यतीत जे धावले तेच पुढच्या शर्यतीत मार्शल. म्हणजे तुमचे प्रतिस्पर्धी! पहिल्या फेरीत कोणी कोणाच्या बरोबर धावायचं ते वेगवेगळे गट पाडून ठरतं, पण शेवटी सगळ्यांच्या वेळा एकाच कागदावर मांडल्या जातात. तुम्ही पाच मिनिटांत अठरा वेळा फिरलात. आता खाली उभे राहून, तुमचा आकडा मोडायला निघालेल्या माणसाची उलटलेली गाडी तुम्हीच सुलटी करायची, आणि तीही पळत जाऊन.

मी हे ऐकलं आणि कुरुक्षेत्र डोळ्यांसमोर आलं. तिथे मार्शल नव्हता. असता तर अठरा दिवसांचं काम किती दिवस चाललं असतं देव जाणे.

भाच्याचा एक जुना वैरी आहे. निवृत्त पोस्टमन, डोक्याला कायम लोकरी टोपी. गेली सहा वर्षं दोघांचं आलटूनपालटून चाललं आहे. मैत्री अशी नाही, हवापाण्याच्या पुढे बोलणंही नाही. त्या संध्याकाळी भाचा तिसऱ्या गटात धावला. अठरा फेऱ्या, ५ मिनिटं ९ सेकंद. झकास. मग तो अंगात पिवळं जाकीट चढवून उडीच्या पुढच्या वळणावर उभा राहिला आणि चौथ्या गटात टोपीवाला मचाणावर चढला. त्याची गाडी दोनदा उलटली. दोन्हीदा भाच्याच्याच वळणावर. बेचाळीस वर्षांचा माझा भाचा, ज्याला बहीण दूध आणायला खाली पाठवायची तेव्हा ‘पाय दुखतो’ म्हणायचा, तो हरणासारखा धावला. दोन्हीदा. निकाल लागला : टोपीवाल्याच्याही अठरा फेऱ्या, आणि भाच्यापेक्षा अर्धा सेकंद कमी.

त्या अर्ध्या सेकंदाने माझी झोप घालवली. भाचा घोरत होता.

असा माणूस का धावतो? सकाळी चहाच्या वेळी मी प्रश्न घरात टाकला. भाचेसून म्हणाली, “मामा, शिक्षा आहे ना. मार्शल म्हणून उभं नाही राहिलं तर आपली चांगल्यातली चांगली वेळ खोडून टाकतात.” खरं आहे. पण ती शिक्षा उभं न राहिल्याची. हळू धावल्याची शिक्षा कुठे आहे? मार्शलच्या पायांना कोणी घड्याळ लावलेलं नाही. कमरेवर हात ठेवून, जरा ‘हं’ करून वाकलं की झाला एक सेकंद. बेचाळिशीत कंबर हे अत्यंत प्रतिष्ठित कारण आहे. कोणी बोलूही शकणार नाही, कारण मार्शलवर मचाणावरून ओरडणं हे तिथे फार वाईट समजतात. म्हणजे चोरीला पूर्ण वाव, पकडला जायचा धोका शून्य, आणि लाभ रोख.

माझ्या मते हा देवाण-घेवाणीचा मामला असावा. आज मी तुझी सुलटी करतो, उद्या तू माझी कर. आम्ही मध्यमवर्गीय माणसं बारशाला आलेल्या पाकिटावरचा आकडा वहीत लिहून ठेवतो. आम्हांला हे तत्त्वज्ञान समजावून सांगावं लागत नाही.

क्लबातल्या एका जुन्या सभासदाने यात आणखी भर घातली. पूर्वीच्या रिमोटांत स्फटिक असायचे आणि लहरी मोजक्या. एकाच लहरीवर दोघांनी रिमोट चालू केला की एकाची गाडी दुसऱ्याच्या तालावर नाचून भिंतीवर आपटायची. म्हणून भिंतीला एक फळी असे आणि तिच्यावर लहरीच्या रंगाचे चिमटे, आपले कपडे वाळत घालायचे तसले. चिमटा ज्याच्या हातात त्यानेच बटण दाबायचं. शे-दोनशे पौंडांची गाडी दुसऱ्या माणसाच्या हातातल्या चिमट्याच्या भरवशावर! नव्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटांनी ती भानगड मिटवली, आपापली गाडी आपोआप ओळखतात. मला वाटलं, तो मोह यंत्राने सोडवला खरा, पण मार्शलचा मोह सोडवणारं यंत्र अजून निघालेलं नाही. निघूही नये. मग त्या शुक्रवारात बघण्यासारखं काय उरेल?

देवाण-घेवाणीचा माझा सिद्धान्त पंधरा दिवस टिकला. कारण भाच्याची नोकरी बदलली. कॅनडा. सामान बांधायला घेतलं, दोन गाड्या विकल्या, एक ठेवली, आणि तो शेवटचा शुक्रवार आला. मी मुद्दाम गेलो. माझ्या दृष्टीने हा प्रयोगशाळेतला प्रसंग होता. या माणसांची आणि याची गाठ पुन्हा पडायची नाही. याची उलटलेली गाडी यांपैकी कोणी पुन्हा सुलटी करायचं नाही. वहीतलं खातं बंद. आता बघू.

भाच्याला ‘ब’ अंतिम शर्यत मिळाली. (तिथे अंतिम शर्यत सगळ्यांना असते. अ, ब, क, ड. शेवटून पहिला आलेलाही ‘मी फायनलला होतो’ असं घरी सांगू शकतो आणि ते खरं असतं. ही सोय आपल्या शाळांना सुचली नाही.) ती संपली आणि दिवसाच्या शेवटच्या, ‘अ’ शर्यतीला तो मार्शल म्हणून उभा राहिला. यापुढे शर्यतच नाही. टोपीवाला पहिल्या नंबरावर पळत होता. एक मिनिट उरलं असताना त्याची गाडी उडीवरून आडवी पडली, कठड्यावर आपटली आणि उताणी झाली. भाचा दोन गाड्यांमधून उडी मारून गेला, गालिच्यावर गुडघा घासला, गाडी ठेवली, तोंड बरोबर दिशेला. टोपीवाला जिंकला. मचाणावरून सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे “थँक्यू, मार्शल्स” म्हटलं, म्हणजे एकत्र, कोणा एकाला नाही. टोपीवाल्याने जाताना भाच्याचा हात हातात घेतला आणि कॅनडात थंडी फार असते असं सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी सरळच विचारलं, “अरे, आज कशाला धावलास एवढा? तुझा काय संबंध उरला होता?”

“गाडी उलटली होती ना, मामा,” तो म्हणाला. प्रश्न त्याला नीट कळलेला दिसला नाही. मी तो पुन्हा मांडायच्या तयारीत होतो. कर्ण, अर्जुन, पाकिटं, कंबर, सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं. पण तेवढ्यात त्याला त्याची स्वतःची ‘ब’ शर्यत आठवली.

“त्या कोपऱ्यावरचा चष्मेवाला पाहिलात का तुम्ही? माझी गाडी पडली तर चार सेकंद! चार सेकंद उभा होता गडी! मी मोजले.”

“आणि तू त्या पोस्टमनच्या गाडीपाशी किती सेकंदांत पोचलास?”

“ते कोण मोजतं?” तो म्हणाला, आणि घर येईपर्यंत त्या चष्मेवाल्याच्या चार सेकंदांबद्दल बोलत राहिला. त्यातला एक सेकंद दचकण्याचा म्हणून सोडायला तो तयार झाला. उरलेल्या तिन्हींचा हिशेब लागेना. गुडघ्यावरची पँट फाटलेली होती, ते भाचेसुनेने दार उघडल्यावर पाहिलं.