आकाशाची सहल आणि पायाची वारी

पैसे भरून आकाशात जाणाऱ्या धनिकाची गोष्ट निघाली, की आपल्यातली पुष्कळ मंडळी हसतात. ‘पैसा जास्त झाला, दुसरे काय!’ म्हणून विषय मोडतात. पण सज्जनहो, हे हसणे वारकऱ्याला शोभते काय?

अमेरिकेचे डेनिस टिटो हे पदरच्या पैशाने अंतराळस्थानकावर जाणारे पहिले गृहस्थ. २८ एप्रिल २००१ रोजी रशियाच्या सोयुझ यानातून ते निघाले, ६ मे रोजी परतले. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. वय साठ! १९५७ साली पहिला उपग्रह उडाला, तेव्हापासून त्यांना हा ध्यास. चाळीस वर्षे मनात धरलेल्या गोष्टीला नुसती चैन कसे म्हणावे?

आपल्या खानदेशातला शेतकरी ज्येष्ठात घरची कामे भावावर टाकून मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालतो, तेव्हा त्यालाही लोक विचारतातच, ‘अरे, तिथे मिळते काय?’ ते स्थानक जमिनीपासून चारशे किलोमीटर उंच. जळगावाहून पंढरपूर सरळ रेघेत मोजले तर जवळपास तितकेच. यान नऊ मिनिटांत कक्षेत पोचते, आपल्याला महिना लागतो, एवढाच भेद असता तर लिहिण्याचे कारण नव्हते.

भेद आहे तो जागेचा. सोयुझमध्ये तिघेच बसतात. रशियाला तेव्हा पैशाची नड, म्हणून एक जागा विकली गेली. ज्याच्याजवळ नुसता ध्यास, त्याला ती मिळणार नव्हती. दिंडीत एक जास्त शिरला म्हणून दुसऱ्याला बाहेर पडावे लागत नाही. अन् भाकरी काय, गावोगाव मिळते.

मग पैसा वाईट म्हणावा, तर जून २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला त्याच स्थानकावर गेले, त्यांचीही जागा पैसे मोजूनच मिळाली. मोजले सरकारने. त्यांना कोणी हौशी म्हटले नाही, कारण ते सर्वांच्या वतीने, प्रयोगांचे काम घेऊन गेले होते. तेव्हा दोष द्यायचा तर दाम नसलेल्याला दारच नाही, या रीतीला द्यावा. आणि अहो, देवळात रांग चुकवून दर्शन घेणारे आपल्यात का थोडे आहेत?

गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही तर आपण कळसाला हात जोडतो. ते स्थानकही धुळे-जळगावकडच्या मोकळ्या शिवारातून, दिवस मावळल्यावर, कधीकधी नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोठ्या चांदणीसारखे सरकत जाते, आणि चार-पाच मिनिटांत नाहीसे होते.